दोघांपुरता माळ

दोघांनीच एक दिवस काढावा, पाय दुखेपर्यंत चालावं आणि दिवेलागणीला घरी परतावं, ही हौस आता फक्त पुण्या-मुंबईच्या जोडप्यांची राहिलेली नाही. बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी करणारे, इंदापूरच्या शाळांत शिकवणारे, ऊस आणि दूध यांवर घर चालवणारे तरुण नवरा-बायकोही असा दिवस शोधत असतात. विचारायला गेलं की उत्तरं मात्र ठरलेली मिळतात: सिंहगड, राजगड, लोहगड, आणि पावसाळा असेल तर लोणावळा. या उत्तरांचा हिशोब मांडून पाहावा. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटर, इंदापूरहून एकशे चाळीसच्या घरात. त्यापुढे घाटवाटांची कोंडी आणि पायथ्याशी गाडी लावायला जागा शोधणं. जायला तीन तास धरले तर यायलाही तीन. सकाळी सहाला निघून संध्याकाळी सहाला परतायचं तर बारा तासांतले सहा तास गाडीत जातात, आणि उरलेल्या सहांतले बरेचसे रांगेत, चहाच्या टपरीवर, दुसऱ्यांच्या पाठी बघत चढण्यात. दोघांनी एकमेकांसाठी काढलेल्या दिवसातून दोघांच्या वाट्याला किती आला, याचं उत्तर फार थोडं आहे.

बारामती-इंदापूरच्या बहुतेक घरांना तर हा बारा तासांचा दिवसही मिळत नाही. ज्या घरी दोन संकरित गाई आहेत, तिथं दिवस घड्याळावर चालत नाही, धारांवर चालतो. पहाटेची धार काढून दूध डेअरीला घातलं की मोकळीक सुरू होते आणि संध्याकाळची धार आली की ती संपते. मधले आठ-नऊ तास, त्यातही वैरण-पाणी सासूनं किंवा शेजाऱ्यानं बघायचं कबूल केलं तर. एवढ्या वेळात सह्याद्रीचा कुठलाही गड बसत नाही. म्हणून या भागातल्या जोडप्यांनी भटकंती म्हणजे शहरी माणसांचा छंद असं समजून तो विषयच सोडून दिला आहे. माझं म्हणणं असं की हा विषय सोडण्याचं कारण नाही. बारामती आणि इंदापूरच्या जोडप्यासाठी दिवसभर चालण्याची उत्तम जागा त्याच्या स्वतःच्या तालुक्यात आहे. ती जागा म्हणजे माळ. आणि दोघांनी मिळून चालायचं असेल तर गडापेक्षा माळ अधिक योग्य आहे.

आधी हा माळ कुठं आहे ते पाहू, कारण बागायतीत राहणाऱ्यांनाही तो फारसा ठाऊक नसतो. भाटघर धरणाच्या पाण्यावर नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात वाहू लागला आणि बारामती तालुक्याचे दोन तुकडे पडले. कालव्याखालचा दक्षिण भाग बागायती झाला. ऊस, साखर कारखाने आणि पैसा तिथं आला. उत्तरेकडे सुपे, मोरगाव, उंडवडी, शिर्सुफळ या पट्ट्याला आजही जिरायती भागच म्हणतात. इंदापूर तालुक्यातही नीरा आणि भीमेच्या काठांवर उसाचे मळे आहेत आणि दोन्ही नद्यांपासून दूर, कडबनवाडीसारख्या गावांच्या शिवारात, मुरमाड उंचवटे. सह्याद्रीचे जे फाटे पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत येतात, ते इथवर येईपर्यंत झिजून बुटके झालेले असतात. त्यांना सुळका नसतो की कडा नसतो. सपाट माथ्याच्या टेकड्या, त्यांच्यामध्ये ओघळी आणि ओढे, आणि सगळीकडे गवत. गावांची नावंच हे सांगतात. संत तुकाराम महाराजांची पालखी जिथं मुक्काम करते ती उंडवडी गवळ्याची, आणि तिच्याजवळच उंडवडी कडेपठार. एका नावात गुरं राखणारे आहेत, दुसऱ्यात पठाराची कड. नकाशा नसताना लोकांनी जमिनीचं केलेलं हे वर्णन अगदी नेमकं आहे.

पहिला आक्षेप इथंच येतो: माळावर बघायचं काय? पडीक जमीन, काटे आणि ऊन. या आक्षेपाला इतिहास आहे, आणि तो इंदापूरचाच आहे. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी शेतसाऱ्याची जी नवी मोजणी आणि आकारणी बसवली, तिची सुरुवात १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून झाली. मातीचा रंग आणि तिची खोली पाहून जमिनीचे वर्ग पाडले, सोळा आण्यांपासून खाली उतरत उतरत त्यांची किंमत ठरवली. काळी, खोल माती वर राहिली. हातभरही खोल नसलेली मुरमाड माती तळाशी गेली. सरकारला सारा बसवायचा होता, त्यामुळे पिकाच्या हिशोबानं जमीन मोजणं त्यांच्या दृष्टीनं बरोबरच होतं. पण पुढं झालं असं की साऱ्याचा तक्ता लोकांच्या नजरेत उतरला. जी जमीन पीक देत नाही ती पडीक, आणि पडीक म्हणजे रिकामी, हे समीकरण दफ्तरातून बोलण्यात आलं आणि तिथंच राहिलं. स्वातंत्र्यानंतरही देशातल्या ओसाड जमिनींचे जे नकाशे तयार झाले, त्यांत गवताळ प्रदेशांचा मोठा भाग ओसाड म्हणूनच रंगवला गेला. या भागानं त्या आकारणीची किंमत दुसऱ्याही रीतीनं मोजली. तीस वर्षांनी इंदापुरात फेरआकारणी होऊन सारा वाढला, कापसाचे भाव पडले, सावकारी कर्ज चढलं आणि १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा संताप उसळला. दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा उठाव तिथून पसरला. आज सुप्याच्या माळावर चालायला जाणाऱ्यानं ही तारीख लक्षात ठेवून जावं.

माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाची उरलेली राख, असंही पुष्कळ सुशिक्षित माणसं मानतात. पूर्वी इथं दाट झाडी होती, माणसानं आणि शेळ्या-मेंढ्यांनी ती संपवली, म्हणून आता झाडं लावणं हेच पुण्य. या समजुतीला उत्तर देणारा पुरावा जुन्या मराठी साहित्यातूनच पुढं आला आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मध्ययुगीन मराठी ग्रंथ, कथा आणि ओव्यांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांतल्या बहुसंख्य वनस्पती दाट जंगलातल्या नाहीत. उघड्या, गवताळ, काटेरी मुलखातल्या आहेत. त्यावरून पश्चिम महाराष्ट्रातला हा उघडा मुलूख किमान साडेसातशे वर्षं असाच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नीरेच्या खोऱ्याकडे गुरं राखणारे लोक आले ते तिथल्या मुबलक गवतामुळे, अशी नोंदही त्या जुन्या साहित्यात आहे. म्हणजे उंडवडीच्या नावातला गवळी उगाच आलेला नाही. आणि कारण शोधायला ग्रंथांपर्यंत जायचीही गरज नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बारामतीला पाचशेच्या आसपास. त्यातही मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा. मुरमाचा थर पातळ, खाली बेसाल्टचा खडक, वर्षाचे आठ महिने कोरडे. अशा जागी उंच, दाट झाडी उभी राहू शकत नाही. गवत राहतं, कारण त्याची मुळं थोड्या मातीत तग धरतात आणि वरचा भाग वाळला तरी पहिल्या पावसाला पुन्हा फुटतात. माळ हे आजारी जंगल नाही. त्याची स्वतःची प्रकृती आहे आणि ती धडधाकट आहे.

आता बघायचं काय, याकडे वळता येईल. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झालं. क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. नाव मोरगावच्या मयूरेश्वरावरून आलं असलं तरी ते राखलं आहे चिंकाऱ्यासाठी. चिंकारा हे आपल्याकडचं सडपातळ, वाळक्या गवताच्याच रंगाचं हरीण. ते मोठ्या कळपानं हिंडत नाही. एकटं, जोडीनं किंवा दोन-चारांच्या टोळीनं दिसतं. पानांतून आणि दवातून मिळणाऱ्या ओलाव्यावर ते पुष्कळ दिवस पाणी न पिता काढू शकतं. शिर्सुफळ, कडबनवाडी आणि आसपासच्या वनक्षेत्रांतही ते आहे. त्याच माळावर लांडगा आहे, तरस आहे, कोल्हा आहे, आणि कोल्ह्याहून लहान, मोठ्या कानांचं खोकड आहे. थंडीत मध्य आशियातून भोवत्या येतात. हे शिकारी पक्षी गवतावरून इतके खाली आणि इतके संथ तरंगतात की पाहणाऱ्याला डोकं वरही करावं लागत नाही. चंडोल गात गात सरळ वर चढतो. धाविक पक्षी चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. पायांखाली कुसळी, मारवेल, पवन्या. ओघळीत बोर, हिवर, बाभूळ, खैर. गडावर दृश्य तयार असतं: बुरूज, दरी, धुकं. माळावर ते हळूहळू उमटतं. पहिल्या तासात काहीच दिसत नाही, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. दुसऱ्या तासाला डोळे सरावतात आणि जे ढेकूळ वाटत होतं ते उठून चालू लागतं.

आणि इथंच माझ्या मुद्द्याचं मूळ आहे. गडाची वाट अरुंद आणि उभी असते. तिच्यावर दोघं एकामागं एक चालतात. ज्याचा दम मोठा तो पुढे जातो, ज्याचा लहान तो मागे राहतो. पुढच्याला थांबावं लागतं, मागच्याला आपल्यामुळे उशीर होतोय असं वाटत राहतं. चढताना बोलायला श्वास नसतो, उतरताना लक्ष पायांवर. माळ रुंद असतो. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्यांमधून दोघं शेजारी शेजारी चालू शकतात, एकाच गतीनं, बोलत किंवा गप्प. चढ असा की श्वास लागतो पण तुटत नाही. गुडघे दुखणारा पन्नाशीचा नवरा आणि रोज शेतात दहा मैल चालणारी बायको, किंवा उलटं, अशा असमान जोड्यांनाही तो सामावून घेतो. तो कुणाचीच परीक्षा घेत नाही, आणि दिवस एकत्र घालवायला निघालेल्यांना परीक्षा नकोच असते. ज्याला स्वतःचा दम आजमावायचा आहे, त्यानं जरूर राजगडावर जावं; त्याचा आनंद वेगळा आहे आणि खरा आहे. पण तो एकट्याचा किंवा गटाचा आनंद आहे. जोडीनं चालण्याची गरज निराळी.

यावर कुणी म्हणेल की नवरा-बायकोनं मिळून डोंगर चढण्याची आपली परंपरा तर गडाचीच आहे. आहे. या पट्ट्यातल्या असंख्य घरांत लग्नानंतर नवं जोडपं जेजुरीला जातं आणि नवरा बायकोला उचलून पायऱ्या चढतो, पाच तरी. खंडोबाचा भंडारा अंगावर घेत चढलेल्या त्या पायऱ्या म्हणजे त्या दोघांची आयुष्यातली पहिली चढाई. पण खंडोबाच्याच कथेत आणखी एक चाल आहे, ती आपण विसरतो. बाणाईसाठी देव धनगराकडे राबला, मेंढ्या राखत माळ तुडवत राहिला. जेजुरीच्या गडावर म्हाळसा आहे तर कथेतल्या माळावर बाणाई. लग्नाच्या आठवड्यातल्या पाच पायऱ्यांनंतर बहुतेक जोडपी पुन्हा कधी एकत्र चालतच नाहीत. शेत, जनावरं, पोरं, नोकरी यांत तो विषय संपतो. त्यापुढच्या वर्षांसाठी माळ आहे. दरवर्षी आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी याच दोन तालुक्यांतून जाते: उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्या धावतात, बेलवाडीत गोल रिंगण होतं. त्या दिंड्यांत साठीचे नवरा-बायको टाळ आणि तुळस घेऊन शेजारी शेजारी चालताना दिसतात आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. चालणं हे या मातीला परकं आहे, शहरातून आलेलं खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांना दुसरं काही सांगायची गरज नाही.

ऊन हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. मार्च ते मे या महिन्यांत पारा चाळिशीला भिडतो, सावली म्हणाल तर बोरीखाली बसण्यापुरती. त्या दिवसांत माळावर जाऊच नये. पण सह्याद्रीचा हंगाम आणि माळाचा हंगाम हे एकमेकांना पूरक आहेत, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. पावसाळ्यात लोक घाटावर जातात, तेव्हा तिथं निसरडं, धुकं आणि गर्दी तिन्ही एकत्र येतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ते अजून विसरण्याइतकं जुनं झालेलं नाही. माळ बहरतो तो घाटावरचा पाऊस ओसरल्यावर. सप्टेंबरच्या अखेरीस परतीचा पाऊस पडून गेला की गवत गुडघ्यापर्यंत येतं, दिवाळीपर्यंत त्यावर सोनेरी छटा चढते आणि तिथून फेब्रुवारीपर्यंत सकाळी नऊ वाजेस्तोवर हवेत गारवा असतो. आपल्याकडे वर्षात पाच चांगले महिने आहेत. उरलेल्या सात महिन्यांत माळावर न जाणं हाही माळाला ओळखण्याचाच भाग आहे, कारण उन्हाळा आणि पहिला पाऊस हा टिटवी, चंडोल, धाविक यांच्या विणीचा काळ. यांची घरटी झाडावर नसतात. खडीच्या चार खड्यांमध्ये, खड्यांच्याच रंगाची अंडी उघड्यावर ठेवलेली असतात आणि वाट सोडून टाकलेलं एक पाऊल पुरतं.

दुसरी भीती सुरक्षिततेची, आणि जोडप्यांच्या बाबतीत तिचे दोन पदर आहेत. एक जनावरांचा. लांडगा माणसाला पाहून बाजूला होतो. या भागात त्याचं खरं भांडण मेंढ्यांवरून आहे. सावध राहायचं ते घोणस आणि फुरशापासून, आणि त्याला उपाय साधा आहे: घोट्याच्या वर येणारे बूट, दगडाखाली हात न घालणं, गवतात न पाहता न बसणं. दुसरा पदर माणसांचा. एकांतात फिरणाऱ्या जोडप्याला हटकणारे, जाब विचारणारे, प्रसंगी त्रास देणारे लोक असतात, आणि त्याची झळ बाईला जास्त बसते. हे खोटं म्हणून टाळता येत नाही. पण याचा तोडगा घरी बसणं हा नाही. माळ निर्मनुष्य दिसतो तेवढा नसतो. गुराखी, मेंढपाळ, वनरक्षक, वस्तीवरची माणसं सतत ये-जा करत असतात. वस्तीवर गाडी लावून, तिथल्या घरी पाणी मागून, कुठल्या बाजूला जातोय ते सांगून निघालेलं जोडपं अनोळखी राहत नाही, पाहुणं होतं. ग्रामीण महाराष्ट्रात या दोन शब्दांतलं अंतर फार मोठं आहे. जिथं गावातलाच वाटाड्या मिळतो तिथं तो घ्यावा, त्याचे पैसे द्यावेत. पुणे वनविभागानं २०२४ मध्ये शिर्सुफळ आणि कडबनवाडी इथं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, ती ऑनलाइन नोंदणी आणि स्थानिक मार्गदर्शक या पद्धतीवर. ज्यांना पहिल्यांदा एकटं जायचा धीर होत नाही, त्यांनी सकाळचे दोन-तीन तास तशा फेरीला द्यावेत आणि मग वनक्षेत्राबाहेरच्या गाडीवाटांवर पायी फिरावं. अभयारण्यात तर वनखात्याच्या नियमानं आणि आखलेल्या वाटेनंच.

सगळ्यांत वजनदार आक्षेप प्राणिमित्रांचा आहे. ते विचारतात, पाच चौरस किलोमीटरच्या तुकड्यात लोकांना बोलावून तुम्ही चिंकाऱ्याचं भलं करताय की वाईट? गडांची जी अवस्था झाली, प्लास्टिक, आरडाओरडा, गाड्या, तीच माळाची करायची आहे का? ही काळजी रास्त आहे आणि म्हणूनच मी मुद्दाम दोघांबद्दल लिहितो आहे. चाळीस जणांची सहल माळाला झेपत नाही. उघड्यावर चाळीस माणसं एक किलोमीटरवरून दिसतात आणि चिंकारा त्यांच्या आधी पुढचा डोंगर गाठतो. दोन माणसं, एका चालीनं, मळकट कपड्यांत, हळू आवाजात बोलत जाणारी, ही माळाला सोसवेल अशी संख्या आहे. फोटोसाठी पाठलाग नको, ड्रोन नको, मोटरसायकल चाकोरी सोडून घालायची नाही, वाळल्या गवतात काडी ओढायची नाही. आणि डब्यातलं उरलेलं अन्न तिथं टाकायचं नाही. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण उरलेल्या अन्नावर भटकी कुत्री पोसली जातात. ती चिंकाऱ्याच्या पाडसांना मारतात, खोकडांना रोग देतात, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानं पुण्याच्या आसपासच्या गवताळ प्रदेशात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होत असल्याचं सिद्ध केलं. लांडगा बंदुकीनं संपत नाही तेव्हा तो असा विरघळून संपतो.

उलट बाजूनं विचार केला तर, माणसांचा पूर्ण मज्जाव करून माळ वाचला असता तर तो आत्तापर्यंत वाचायला हवा होता. लोकांची ये-जा नसलेली, कुणाच्या आठवणीत नसलेली जमीनच आधी जाते. तिच्यावर गिरिपुष्पाची रांगेनं लागवड होते, चर खणले जातात, कारखान्यासाठी किंवा सौर पॅनेलांसाठी तिच्याकडे बोट दाखवलं जातं, आणि ग्रामसभेत कुणी हात वर करत नाही, कारण तिथं काही आहे हेच कुणाला माहीत नसतं. चिंकारा आणि लांडगा दोघांनाही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं कवच आहे; पण कायदा प्राण्याचं रक्षण करतो, अभयारण्याबाहेरच्या गवताला त्याचा आधार तोकडा पडतो. त्या गवताला माणसं लागतात. शतकानुशतकं ती माणसं धनगर होती. दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात, पावसाळ्याच्या तोंडाला परततात, वाटेत शेतांवर वाडा बसवून खत देतात आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात. लांडग्यानं कळपातलं एखादं मेंढरू नेलं तर त्याचा वाटा गेला असं म्हणणारी जुनी माणसं त्यांच्यात भेटतात. आज त्यांची चराई अडते, पोरं दुसऱ्या धंद्यांत जातात. माळाची दखल घेणारी जी नवी माणसं आता लागणार आहेत ती पुण्याहून येण्यापेक्षा बारामती-इंदापूरचीच असलेली बरी. ती पुन्हा पुन्हा जाऊ शकतात, बदल ओळखू शकतात, ग्रामसभेत बोलू शकतात. असं घडू शकतं हे इंदापूर तालुक्याच्या कडेला सिद्ध झालेलं आहे. उजनीचं धरण १९८०च्या सुमारास भरलं, गावं आणि पळसदेवचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं. त्या पाण्याच्या काठावर, कुंभारगाव-भिगवणला, रोहित पक्षी पाहायला लोक येऊ लागले, तेव्हा मासेमारीच्याच होड्या पाहुण्यांना फिरवू लागल्या. आता पक्ष्याला दगड मारणाऱ्याला तिथला नावाडीच आधी अडवतो.

तर एखाद्या दोघांचा असा दिवस कसा असावा? नोव्हेंबरातला. पहाटेची धार काढून, दूध घालून, भाकरी, चटणी, कांदा आणि चार लिटर पाणी पिशवीत टाकून साडेसातला निघायचं. उंडवडी किंवा शिर्सुफळच्या बाजूला अर्ध्या-पाऊण तासात गाडी लागते. वस्तीवर सांगून गाडीवाट धरायची, ऊन पाठीवर राहील अशी. पहिला तास काही दिसलं नाही तरी पुढं जायचं. साडेदहाच्या सुमाराला एखाद्या सपाट माथ्यावर बसलं की दक्षिणेला उसाची हिरवी पट्टी दिसते, कालव्यानं आखून दिल्यासारखी, आणि आपण बसलो आहोत ती पिवळी बाजू. दोघांनी तिथं भाकरी खायची. परतताना मोज्यांत कुसळं शिरलेली असतात. ती काढायला दोघांनाही खाली बसावं लागतं, आणि बहुतेक वेळा एकमेकांच्या पायातली आधी काढली जातात. दुपारी दोनला गाडीपाशी, तीनला घरी. गाईंना पाणी दाखवायला अजून तासभर असतो.